काडतुसाला पितळच कां?

बंदुकीचा बार झाला म्हणजे गोळी कोठें गेली याकडे सर्वांचें लक्ष जातें. बाजूला जी रिकामी पिवळी पुंगळी पडते तिची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. वास्तविक सर्वांत अवघड काम या पुंगळीनेंच केलेलें असतें. आणि तें तिनें नीट केलें नाहीं तर शत्रूच्या नव्हे, बंदूक धरणाराच्याच जिवावर बेततें.

काडतुसाचे भाग चार. पुढें गोळी, आंत दारू, बुडाशीं ठिणगी देणारी टोपी, आणि या तिन्हींना एकत्र धरणारी पुंगळी. एके काळीं हें काम कागद करीत असे. १८५७ सालच्या उठावाच्या इतिहासांत ज्या चरबी लावलेल्या काडतुसांचा उल्लेख येतो तीं कागदाचींच होतीं. तीं दातांनीं फोडून दारू नळीच्या तोंडांतून ओतावी लागे. पुढें बंदूक मागून भरण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हां मागच्या सांध्यांतून जळता वायु बाहेर येऊं लागला. हा सांधा बंद करण्याची जबाबदारी पुंगळीवर आली, आणि ती कोणत्या धातूची असावी हा प्रश्न तेथेंच उपस्थित झाला.

दारू पेटतांच आंत दर चौरस इंचास सुमारें ५० हजार पौंडांचा दाब उत्पन्न होतो. त्या दाबानें पुंगळी फुगते, बंदुकीच्या कोठ्याच्या भिंतीशीं घट्ट बसते, आणि वायूची मागील वाट बंद होते. गोळी बाहेर पडली कीं दाब ओसरतो. आतां पुंगळीनें किंचित् आकसून भिंत सोडली पाहिजे. न सोडील तर ती बाहेर ओढतां येणार नाहीं, आणि दुसरें काडतूस भरतां येणार नाहीं. फुगण्यापुरता मऊपणा व आकसण्यापुरता ताठपणा, असे दोन विरुद्ध गुण एकाच धातूंत हवेत, आणि त्यांची परीक्षा सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागांत होते.

तांबें या परीक्षेंत उतरत नाहीं. तें सहज फुगतें, पण मागें येत नाहीं. अमेरिकेंत १८७६ सालीं लिटल बिगहॉर्नच्या लढाईंत कस्टरच्या घोडदळाजवळ तांब्याचीं काडतुसें होतीं. कांहीं बंदुकांत त्यांच्या पुंगळ्या रुतून बसल्या. पराभवाचें तें एकमेव कारण नव्हे, परंतु पुढें त्या सैन्यानें तांबें सोडून पितळ स्वीकारलें. पोलाद बळकट खरें, पण तें पितळाच्या जवळजवळ दुप्पट ताठ असल्यामुळें ताणल्यावर मागें येण्याचें त्याचें अंतर थोडें. शिवाय तें गंजतें व घडवणाऱ्या हत्यारांना लौकर झिजवतें. ॲल्युमिनियमचें वजन पितळाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें, पण तें सुमारें ६६० अंशांवरच वितळतें. पुंगळीला चीर पडली तर तप्त वायु त्या धातूलाच खाऊन टाकतो.

राहिलें पितळ. शंभर भागांत ७० भाग तांबें व ३० भाग जस्त हें काडतुसाच्या पितळाचें नेहमींचें प्रमाण होय. पुण्याच्या तांबट आळींतून जे गेले असतील त्यांना याचें मर्म लवकर कळेल. तांबट भांडें ठोकतो तसतसा पत्रा कठीण होतो, म्हणून तो मधूनमधून भट्टींत तापवून पुन्हां मऊ केला जातो. काडतुसाच्या कारखान्यांतहि हेंच चालतें. पत्र्यांतून चकती कापतात, तिची वाटी करतात, ती वाटी साच्यांतून ओढून लांबवतात, तापवतात, पुन्हां ओढतात. शेवटीं बूड कठीण व तोंड मऊ राहील अशी योजना असते. एकाच वस्तूंत जागोजागीं हवा तसा कठीणपणा आणतां येणें हा पितळाचा मोठा गुण.

परंतु पितळालाहि एक शत्रु आहे, आणि त्याचा शोध लागला तो हिंदुस्थानच्या पावसाळ्यामुळें. ब्रिटिश अमदानींत पावसाळ्याच्या दिवसांत काडतुसें घोड्यांच्या पागेंत ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावें तों पुंगळ्यांना बारीक चिरा पडलेल्या! कोणी हात लावला नव्हता, कोणी ठोकलें नव्हतें. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनीं कारण उलगडलें. घोड्यांच्या मुतांतून निघणारा अमोनिया वायु दमट हवेंत पितळावर क्रिया करी, आणि थंड अवस्थेंत ओढल्यामुळें धातूंत जो ताण कोंडून राहिला होता तो त्या जागीं चीर पाडी. उपाय साधा निघाला: तयार पुंगळी बेताच्या उष्णतेवर तापवून तो ताण आधींच घालवावयाचा.

दुसऱ्या महायुद्धांत तांब्याची टंचाई भासली, तेव्हां जर्मनीनें लाखरोगण दिलेल्या पोलादी पुंगळ्या वापरल्या, आणि अमेरिकेनेंहि पिस्तुलासाठीं तशा केल्या. तेथें १९४३ सालीं एक सेंटचें नाणें जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचें पाडलें गेलें, कारण तांबें युद्धाला हवें होतें. पुढें १९४४ ते १९४६ या काळांत त्या नाण्यांसाठीं वापरलेल्या पुंगळ्यांचें पितळ वितळवलें गेलें. रणांगणावरून परतलेला धातु अशा रीतीनें मुलांच्या खाऊच्या पैशांत आला.

पोलादी पुंगळ्या आजहि कांहीं देशांत होतात, कारण त्या स्वस्त पडतात. तरी जेथें प्रत्येक बार भरंवशाचा हवा तेथें पितळालाच पहिली पसंती असते. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. त्याच्या इतक्या दीर्घ आयुष्यांत बंदुका कितीतरी बदलल्या, पण पुंगळीचा पिवळा रंग टिकून राहिला. सीमेवरच्या शिपायाला या धातुशास्त्राची माहिती नसली तरी चालेल. पहिल्या गोळीनंतर पुंगळी सुटून आली पाहिजे आणि दुसरी गोळी भरली गेली पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा. आणि ती पुरी करण्यासाठींच कारखान्यांत पितळाची इतकी निगा राखावी लागते.