अब्बांच्या डब्यातल्या दोन स्ट्रिपा

मी औषधांच्या दुकानात बसते, डॉक्टर नाही. त्यामुळे कुणी किती डोस घ्यावा, हे मी सांगणार नाही. गोळीत काय आहे ते कसं बघायचं, तेवढं सांगते.

माझ्या अब्बांना टाइप टू मधुमेह आहे. चार वर्षांपूर्वी रमजानमध्ये, असरच्या नमाजनंतर ते घामाने भिजले. हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. ग्लुकोमीटरवर 52. अम्मी म्हणाली, "मगरिबला अर्धा तासच राहिलाय." ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते. मी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली.

मग औषधांचा डबा उघडला. दोन स्ट्रिपा, दोन कंपन्या, दोन नावं. एक गावच्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी शहरातल्या. खाली बारीक अक्षरांत मात्र दोन्हींवर एकच: ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. अब्बा दोन्ही घेत होते, तेही सहरीला. दिवसभर लोकांच्या स्ट्रिपा हाताळणाऱ्या मी घरचा डबा कधी बघितलाच नव्हता.

मेटफॉर्मिन यकृतातून येणारी साखर कमी करतं. एकटं असेल तर साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडचं तसं नाही. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. पोटात अन्न आहे की नाही, हे बघत नाही. त्यामुळे एकदा साखर घेऊन बरं वाटलं तरी काही तासांनी ती पुन्हा उतरू शकते. नंतर जेवायचं, लक्ष ठेवायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

जोडगोळीची अडचण अशी की त्यातलं एक औषध कमी करून दुसरं तसंच ठेवणं घरी जमत नाही. काहीजण अर्धी करतात. नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' असेल तर ती चावायची, कुटायची नाही. तासन्‌तास हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. रोजे धरायचे असतील तर दीड-दोन महिने आधी डॉक्टरांकडे जा. मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या, मेटफॉर्मिनसाठी ती लागते. सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून न्या, नावं सांगत बसू नका. बऱ्याचदा मोठा डोस इफ्तारकडे जातो आणि सहरीचा कमी होतो, पण ते त्यांनीच ठरवायचं.

बोट टोचून साखर बघितल्याने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. 70 च्या खाली गेली तर रोजा तिथेच सोडायचा, अजानला दहा मिनिटं असली तरी. 300 च्या वर गेली तरी सोडायचा. आजारी माणसाला सवलत कुरआननेच दिली आहे.

यंदा डॉक्टरांनी नको म्हटलं. अब्बांनी फिदया दिला आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी इफ्तारची फळं कापायला स्वतःच बसले.