गोव्याच्या लाल चर्चचा कोट कोणी काढला?

मी वाडीहून बोलतोय, आपल्या नागपूरच्या वाडीहून. मागे अमरावती रोडवरच्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

मागे आम्ही पाच मित्र गोव्याला गेलो होतो. बीचमधून वेळ काढून एक सकाळ जुन्या गोव्याला दिली. तिथे बॉम जीझस बॅसिलिका, सगळी लाल दगडाची. रस्ता ओलांडला की से कॅथेड्रल, पांढरंशुभ्र. मी लगेच शहाणपणा केला, "त्याला चुना फासून वाट लावली बे, हे लालवालं खरं ओरिजिनल!" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लाल भिंतीसमोर फोटो काढले.

घरी येऊन वाचलं, तर मी नेमकं उलटं बोललो होतो.

बॉम जीझसची पायाभरणी १५९४ची. बांधून झालं १६०५ साली. सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष इथेच आहेत. समोरून बघाल तर खांबांच्या तऱ्हा ग्रीस-रोमच्या: डोरिक, आयोनिक, कोरिंथियन. रेनेसाँच्या काळात युरोपने त्या पुन्हा उचलल्या आणि पोर्तुगीजांबरोबर त्या इथे आल्या. आत गेलं की सोन्याचा मुलामा दिलेली भलीमोठी वेदी, ती बरोक शैलीतली.

डिझाइन युरोपचं. पण दगड कुठला? भिंती जांभ्याच्या, म्हणजे कोकणातल्याच. जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून त्यासाठी काळा बेसाल्ट वसईकडून आणला. तेव्हा वसईही पोर्तुगीजांकडेच होती. आपल्या वाडीकडे खोदलं की लागतो ना, तसाच काळा दगड.

आता जांभ्याची गंमत ऐका. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज कापता येतो. हवा लागली की टणक होतो. पण अंगात भोकंच भोकं, पाणी पितो. आणि गोव्याचा पाऊस म्हणजे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर, आपल्या नागपूरच्या जवळपास तिप्पट! म्हणून जुन्या गवंड्यांनी बाहेरच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा दिला. पाऊस गिलाव्याला खाणार, दगडाला नाही. गिलावा झिजला तर परत देता येतो, दगड झिजला की गेला.

मग हा गिलावा गेला कुठे? १९५०च्या दशकात, गोवा अजून पोर्तुगालकडे असताना, बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीत दुरुस्ती झाली आणि तो उतरवला गेला. उघड्या दगडामुळे इमारत जास्त प्राचीन दिसते, असा त्या काळातला विचार. म्हणजे ज्याला मी ‘ओरिजिनल’ म्हटलं, तो लूक जेमतेम सत्तर वर्षांचा!

हे वाचून मला माझाच एक पराक्रम आठवला. नोकरी नवीन होती. जुन्या कोडमध्ये एक फंक्शन दिसलं, मला वाटलं फालतू आहे. उडवलं. कोड एकदम स्वच्छ दिसायला लागला. रात्री दोन वाजता फोन आला, सर्व्हर बंद. ते फंक्शन चुकीचा डेटा आत येऊ देत नव्हतं, एवढंच त्याचं काम. मी रातोरात परत टाकलं आणि सुटलो. दगडाला असा अनडू नाही.

देखभाल थांबली की काय होतं, ते जवळच दिसतं. सेंट ऑगस्टीनचं चर्च १८३५ला ओस पडलं, १८४२ला त्याची कमान-छत कोसळली. आज उरलाय तो मनोऱ्याचा एक तुकडा.

बॉम जीझसला पुन्हा गिलावा द्या, अशी मागणी गेल्या काही वर्षांत चर्चकडूनच झाली आहे. दुसरी बाजू म्हणते, लाल रूप आता ओळख झालीय, पोस्टकार्डावर तेच आहे, १९८६ला युनेस्कोच्या यादीत आलं तेही याच रूपात. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. तरी मी गिलाव्याच्या बाजूने. ओळख भिंतीमुळे आहे. भिंतच भुगा होत गेली तर पोस्टकार्ड काय कामाचं?

तुम्ही गोव्याला गेलात तर दोन्ही चर्चसमोर पाच मिनिटं थांबा. फोटो लालचाही काढा, पण पांढऱ्याला नावं ठेवू नका. त्याने कोट घातलाय, एवढंच.

तुम्हाला काय वाटतं, गिलावा द्यावा की नाही? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!