भाकरी अंगी का लागत नाही?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या सोलापूर जिल्ह्याला देवाने काळी माती दिली. पाऊस मात्र हात राखून दिला. मातीतल्या ओलीवरच आपली मालदांडी ज्वारी येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मग अशी भाकरी खाऊनही खेड्यातली लेकरे रोडकी का?

माझा धाकटा तसाच होता. खाल्लेले अंगी लागत नसे. डॉक्टरीणबाईंनी जंत सांगितले आणि विचारले, "संडास वापरता ना?" मी मान खाली घातली. संडास होता, पण त्यात आम्ही गोवऱ्या रचल्या होत्या! उघड्यावरची घाण हातापायांनी, माश्यांनी पुन्हा आमच्याच ताटात येत होती.

गाडगेबाबांनी जन्मभर हाती खराटा धरला. २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियानही निघाले. पण घरचा खराटा आपल्याच हाती असतो, हे मला तेव्हा उमगले.

मी गोवऱ्या बाहेर काढल्या. न्हाणीचे पाणी परसात वळवून शेवगा, पपई लावली. शेवग्याच्या पाल्याची भाजी भाकरीबरोबर फार पौष्टिक. संडासाला दोन खड्डे असले, तर भरलेला खड्डा वर्षभर बंद ठेवल्यावर त्याचेही खत होते. धाकट्याने वर्षात बाळसे धरले.

भगिनींनो, पीठ मळण्याआधी आणि लेकराला भरवण्याआधी साबणाने हात धुवा. आज मंडळाकडून एवढेच वाण घेऊन जा.