इंग्रजी क्रियापदांचे अनेक अर्थ व त्यांचे अध्यापन



इ. स. २००० पासून महाराष्ट्रातील सर्व शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले. तेव्हापासून एक अडचण शिक्षकांच्या नित्य परिचयाची झाली आहे. लांबलचक इंग्रजी नामे मुले पाठ करतात. परंतु ‘टेक’, ‘गेट’, ‘रन’, ‘ड्रॉ’ अशी इवलीशी क्रियापदे त्यांना हटकून चकवितात.

‘टेक’ म्हणजे घेणे, एवढेच ज्यास ठाऊक आहे, त्या मुलास ‘टेक ऑफ युवर शूज’ असे सांगितले तर तो बूट काढण्याऐवजी हातात घेईल. वर्ग हसेल, आणि इंग्रजी आपल्यासाठी नाही, अशी त्याची समजूत होऊन बसेल. दोष मुलाचा नाही. एका शब्दास एकच अर्थ चिकटविण्याच्या आपल्या पद्धतीचा आहे.

असे का व्हावे? जी भांडी रोज वापरात असतात, त्यांनाच नाना कामे करावी लागतात. शब्दांचेही तसेच आहे. शेकडो वर्षे सर्वांच्या तोंडी असलेल्या छोट्या क्रियापदांवर नवनव्या अर्थांची पुटे चढत जातात. ऑक्सफर्डच्या महाकोशाच्या १९८९ च्या वीस खंडी आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंद एखाद्या शास्त्रीय संज्ञेची नव्हे, तर ‘सेट’ या क्रियापदाची आहे. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला. अशा कोशांत एका शब्दापुढे मराठी शब्दांची रांग लागते. तीतला नेमका कोणता घ्यावा, हे मात्र वाक्यच ठरविते.

ही गोष्ट मराठी मुलास नवीन नाही. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, वेलीला द्राक्षांचे घड लागतात आणि गावी जाण्यास दोन तास लागतात. शेतकरी कांदे काढतो, कर्ज काढतो, कठीण दिवसही काढतो. या वाक्यांत मूल कधी गोंधळत नाही, कारण त्याने ‘लागणे’ वा ‘काढणे’ एकटे पाहिलेलेच नसते. सोबत्यासह ऐकलेले असते. म्हणून पहिला पाठ मराठीतूनच द्यावा. ‘लागणे’ची वाक्ये मुलांकडून घेऊन फळ्यावर लिहावीत. त्यांत ‘वेळ लागतो’ हे आले की तेथेच इंग्रजी ‘टेक’चा एक अर्थ हाती येतो.

दुसरे असे की, अनेक अर्थांच्या मुळाशी बहुधा एखादे साधे चित्र असते. विहिरीतून पाणी ओढतात, खिडकीचा पडदा ओढतात, पाटीवर रेघ ओढतात. तिन्ही ठिकाणी इंग्रजीत ‘ड्रॉ’ चालते. रेघांचेच चित्र होते, म्हणून चित्र काढणे हेही ‘ड्रॉ’च. मात्र दोन भाषांची वळणे सर्वत्र जुळत नाहीत. आपले दुकान चालते, घड्याळ चालते, खोटे नाणे चालत नाही. परंतु येथे ‘वॉक’ घातले तर इंग्रजाला काहीच उमगणार नाही.

तिसरे, अर्थांची यादी पाठ करून घेऊ नये. प्रत्येक क्रियापदास वहीचे एक पान द्यावे. पाठात नवा अर्थ भेटेल तेव्हा तेथे संपूर्ण वाक्य लिहावे: ‘टेक अ बस’, ‘टेक अ फोटो’, ‘टेक युवर मेडिसिन’. टोपी घालणे, चप्पल काढणे अशा क्रिया प्रत्यक्ष करवून घ्याव्यात. हाताने केलेले सहसा विसरत नाही.

मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या, नाशिकमधील इंदिरानगरसारख्या वस्तीत दुकानांच्या पाट्यांवर आणि शेजारच्या बोलण्यात इंग्रजी मुलाच्या सहज कानी-डोळी पडते. सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातील पाड्यावरच्या मुलास ती सोय थोडी. त्याच्यासाठी इंग्रजीचा बाजार, शेजार आणि कोश हे सारे बहुतांशी त्याचा शिक्षकच होय. त्या शिक्षकाने शब्द सुटा न देता वाक्यात दिला, तर वर्गाच्या हसण्याने मागे सरणारे ते मूल पुढच्या वाक्याचा अर्थ स्वतः शोधू लागेल.