कालवडीचा जीव आणि वळूची निवड
(पोळ्याच्या दिवशीं शाळेच्या पटांगणांत केलेलें भाषण)



आज बैलांच्या अंगावर झुली चढल्या. पण ज्या गाईच्या पोटीं बैल जन्मतो, तिच्या वेताचा विचार आपण कितीसा करतों? गेल्या सालीं आम्हीं एका गोठ्यांत रात्र काढली. जर्सी संकरित कालवड, पहिलें वेत, अंगानें रोड. पहिल्याच माजाला तिला होलस्टीनचें रेतन केलेलें. चौघांनीं दोर लावून वासरूं ओढलें. पहाटे दोन्ही जीव गेले. घरधनी म्हणाला, "दैव!" दैव कसलें? जोड चुकली होती.

अमेरिकेंत ब्रह्मन नांवाचीं गुरें आहेत. आपल्याच कांकरेज, ओंगोल, गीर व कृष्णाखोरें या जातींच्या रक्तांतून तीं निपजलीं. तिकडे गुरें मांसासाठीं पाळतात, आपण दुधासाठीं व औतासाठीं. पण विण्याचा नियम एकच. तेथें काय आढळलें? हेरफर्ड गाईला ब्रह्मन वळू दिला, तर वासरूं जड निपजतें व गाय अडण्याचें भय वाढतें. उलट, ब्रह्मन गाईला हेरफर्ड वळू दिला, तर वासरूं हलकें होतें व गाय सहसा सुखरूप विते. रक्त दोहोंकडे निम्मेंनिम; फरक एवढाच कीं आई कोण!

म्हणून संकर वाईट असें कोणी समजूं नये. नेब्रास्का प्रांतांत हेरफर्ड, अँगस व शॉर्टहॉर्न यांचा संकर करून पाहिला. वळूला दिलेल्या दर गाईमागें दूध तुटलेल्या वासरांचें वजन अस्सल जातींपेक्षां सुमारें 23 टक्के अधिक भरलें. त्यांतला निम्म्याहून अधिक लाभ आई स्वतः संकरित असल्यामुळें झाला. ती गाभण राहते चांगली आणि वासरूं जगवते चांगलें. मात्र संकरिताला संकरितच देत गेल्यास हा जोम पुढच्या पिढींत उतरतो.

आतां आपण काय करावें? संकरित कालवड सुमारें 250 किलो भरल्याशिवाय भरवूं नये. लहान चणीच्या कालवडीला पहिल्या वेतास होलस्टीन नको. जर्सीचें वासरूं हलकें असतें. बापाला त्याचीच लेक दाखवूं नये. औतासाठीं खिलार हवी असेल, तर ती अस्सलच राखावी. आणि पाणमोट फुटून तास-दोन तासांत वासरूं पुढें सरकलें नाहीं, तर दोर न शोधतां डॉक्टर बोलवावा.

शेवटीं मास्तरकीची एक गोष्ट. शाळेंत जसा हजेरीपट, तसा गोठ्यांत एक पट ठेवा: माज कधीं, वळू कोणता, व्याली कधीं, वासरूं कसें. तुम्हांस लिहितां येत नसेल, तर तुमची लेक लिहील; तिला आम्हीं त्यासाठींच शिकवलें आहे. त्या कालवडीचा असा पट असता, तर आज तिच्या दाव्याला गाय असती.