कुपा जाड की बारीक? टेपनं केलेली फजिती

आजचा भाग ट्यूनावर, म्हणजे आपल्या कुप्यावर. आणि सुरुवात माझ्या फजितीपासून.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर सकाळी मासे मोजायला जायचो. लांबी, वजन, वहीत नोंद, बस. ट्यूनाची लांबी तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत घेतात, कारण शेपटीची टोकं हाताळताना मोडतात. हे मला माहीत होतं. पण एकदा मोजायची फळी घरी विसरलो आणि शिंप्याचा टेप माशाच्या अंगावरून टाकून मोजत बसलो.

आता गणित बघा. मासा जाड की बारीक हे सांगणारा एक जुना आकडा आहे. वजन ग्रॅममध्ये घ्यायचं, लांबीच्या घनानं भागायचं आणि 100 नं गुणायचं. 50 सेंटिमीटरचा मासा, वजन 2 किलो: उत्तर 1.6. माझ्या टेपनं तोच मासा साडेबावन्न दाखवला, उत्तर आलं 1.38. लांबीत चूक 5 टक्क्यांची, पण घन असल्यामुळे उत्तरात जवळपास 14 टक्क्यांची. त्या दिवशीचे सगळे मासे माझ्या वहीत उपाशी निघाले! शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "उपाशी कुपा कसा असतो माहितेय का तुला? नुसतं डोकं दिसतं, अंगात काय नाय. हे तर चांगले भरलेले आहेत."

बरोबर होतं त्यांचं. टेप पोटाच्या फुगवट्यावरून जातो, म्हणजे मासा जितका जाड तितका तो टेपवर लांब. चूकसुद्धा उलट्या बाजूची.

टेप वापरूच नये असं नाही हां. अमेरिकेत व्यावसायिक मच्छीमारांना अटलांटिक ब्लूफिन विकायचा तर तो किमान 73 इंच लागतो, आणि ते माप अंगावरून टेप टाकूनच घेतात. दोन मापं एका रकान्यात आली की घोळ होतो. मी तोच केला होता.

मावशींचं बोलणं आठवायचं कारण पुढे आहे. मेनच्या आखातात, अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, वॉल्टर गोलेट आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये एक अभ्यास छापला. त्यांचा आधार काय? एका मच्छीमार सहकारी संस्थेत ट्यूनाची प्रत ठरवणाऱ्या माणसाच्या वह्या! मांसातली चरबी किती, अंगाचा आकार कसा, याला तो दर्जा द्यायचा, कारण जपानी बाजारातला भाव त्यावर ठरायचा. 1991 ते 2004 या काळातले तीन हजारांवर मासे. विज्ञानासाठी नव्हे, पैशासाठी लिहिलेल्या नोंदी. आणि त्यांतून दिसलं की ब्लूफिनची तब्येत उतरत चालली आहे.

खायला मिळत नव्हतं म्हणावं, तर तिथे हेरिंग भरपूर होता. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा नातेवाईक. 2015 मध्ये त्याच गटानं मांडलं की हेरिंगची संख्या वाढली, पण एकेक हेरिंग लहान झाला. मोठ्या ट्यूनाला छोट्या माशांमागे धावणं परवडत नाही. पोट भरायला पळापळ जास्त, हाती चरबी कमी. जाळ्यात किती हेरिंग आला एवढंच मोजलं असतं, तर हे कळलंच नसतं.

भूमध्य समुद्रात तर मासा जिवंतच असतो. जाळ्यातून पिंजऱ्यात, तिथून शेतात. एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात पोहत जाताना दोन कॅमेरे जोडीनं त्याची लांबी मोजतात, आणि लांबीवरून सूत्रानं वजन काढतात. कोटा किलोत असतो ना. पण अंडी घालून दमलेला ट्यूना आणि खाऊन भरलेला ट्यूना यांची लांबी एकच. सूत्र भरलेल्या माशाचं लावलं तर कागदावर किलो वाढतात, दमलेल्याचं लावलं तर घटतात. मासे तेवढेच.

मी मात्र ती पानं फाडली नाहीत. वर लाल पेनानं "टेप" असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी फळी घेऊन गेलो. मावशींनी आधी फळी बघितली, मग मासा दिला.

पुढच्या भागात माशाच्या कानातल्या खड्यांवरून वय कसं काढतात ते. भेटू.