कर्ता माणूस दवाखान्यात, पेरणी कोणाच्या भरवशावर?
(मारेगाव येथील बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या एका क्विंटलला खर्च किती येतो, हा हिशेब आपण अशा बैठकांत पुष्कळदा मांडला. आज दुसरा हिशेब मांडायचा आहे. घरचा कर्ता माणूस अतिदक्षता विभागात पडला, तर दिवसाला पैसे किती लागतात आणि कशाला लागतात?

2021 चा फेब्रुवारी आठवा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध राज्यात आधी लागले ते आपल्या अमरावती-यवतमाळकडेच. एप्रिल-मेमध्ये लाट भरात आली. कापूस-तुरीचे पैसे बी-खतासाठी राखून ठेवायचे ते दिवस. तेच पैसे दवाखान्यात गेले. आमच्यापैकी कोणी बैलजोडी विकली, कोणी सोने गहाण टाकले. रेमडेसिविरच्या एका इंजेक्शनासाठी आम्ही रात्र रात्र फोन फिरवले, काळ्या बाजारात मागेल तो भाव दिला.

आता ऐका. या औषधाने मृत्यू फारसे टळत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या चाचणीत 2020 च्या ऑक्टोबरातच दिसले होते. पुढे थोडा फायदा आढळला, तोही व्हेंटिलेटर न लागलेल्या रुग्णांत. उलट जून 2020 मध्ये इंग्लंडातल्या चाचणीने डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाचा गुण दाखवला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने घटले, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशाने. काही रुपयांच्या औषधासाठी कोणी रांग लावली नाही!

असे का होते? बोंडअळी बोंडात शिरल्यावर महागडा फवारा मारून बोंड परत येत नाही. विषाणूचेही तसेच. त्याला मारणारे औषध सुरुवातीला उपयोगी. 2009 ला पुण्यात स्वाइन फ्लू आला, तेव्हापासूनचा अनुभव हाच की ऑसेल्टामिविरची गोळी पहिल्या दोन दिवसांत घेतली तर गुण चांगला. पुढे फुप्फुसाला सूज येते, हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी भरते. तेव्हा जीव धरून ठेवतो तो ऑक्सिजन, रुग्णाला तासन्‌तास पालथे झोपवणारी नर्स आणि जागता डॉक्टर. व्हेंटिलेटर विषाणू मारत नाही, शरीराला सावरायला वेळ देतो.

पण डेक्सामेथासोन मनाने घेऊ नका. ऑक्सिजन लागत नाही त्याला त्याचा फायदा नाही. साखर वाढते, आणि काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे गेले ते आपण पाहिले.

म्हणून पहिले काम वेळेवर ओळखण्याचे. ताप असताना बोटावरच्या यंत्राने ऑक्सिजन मोजा. सहा मिनिटे चाला, पुन्हा मोजा. आकडा 94 च्या खाली गेला, किंवा धाप लागली, तर त्याच घडीला निघा. मारेगावच्या माणसाला यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर लांब आहे. पेरणी आटोपून जाऊ म्हणणारे आमचे काही सोबती वाटेतच गेले.

दुसरे काम हिशेब मागण्याचे. मे 2020 मध्ये सरकारने खाजगी दवाखान्यांच्या 80 टक्के खाटांना दर बांधून दिले. अतिदक्षता विभागाला दिवसाला 7,500 रुपये, व्हेंटिलेटरसह 9,000. जून 2021 मध्ये लहान गावांसाठी तेच 4,500 आणि 5,400 झाले. आमच्यापैकी किती जणांना हे बिल भरण्याआधी ठाऊक होते? हात वर करा. पाहा, बोटावर मोजण्याइतके!

ते दर साथीपुरते होते. पण जानेवारी 2021 मध्ये सुधारलेल्या नियमांप्रमाणे खाजगी दवाखान्याने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलीच पाहिजे. बाजार समितीत भावाचा फलक आपण भांडून लावून घेतो, मग इथे मान खाली का घालायची?

तेव्हा गावी जाऊन तीन गोष्टी करा. प्रत्येक गावात ऑक्सिजन मोजायचे एक यंत्र वर्गणीतून घ्या. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद एका पिशवीत तयार ठेवा. आणि दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच दिवशी दोन जणांनी मिळून विचारा: योजना लागू आहे का? दर किती? हे महाग औषध कशासाठी?

डॉक्टर आपला वैरी नाही. विचारणारा शेतकरीही त्याचा वैरी नाही. तालुक्याच्या ठिकाणी ऑक्सिजन आणि तो चालवणारी माणसे बारा महिने हवीत, ही मागणी जिल्ह्याच्या बैठकीत आम्ही मांडणार आहोत. तुमच्या गावचा ठराव घेऊन या.